बिंदू आणि रेषा : ‘डस्टर’ या जॅझ-फ्यूजन ध्वनिमुद्रिकेचे श्रवण आणि मराठी श्रोत्याचा कान

प्रस्तावना

मराठी संगीतविषयक लेखनात ‘फ्यूजन’ हा शब्द बहुधा दोन अर्थांनी येतो. पूर्व व पश्चिम यांचा संगम झाला म्हणून तो कौतुकाने वापरला जातो, किंवा शुद्धता गमावली म्हणून हेटाळणीने. दोन्ही वेळी निवाडा आधी ठरलेला असतो आणि ऐकणे मागाहून होते. कोणते वाद्य कोणते काम करते, ते कोठे अपुरे पडते आणि त्याची उणीव दुसरे कोणते वाद्य भरून काढते, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. प्रस्तुत लेखात हे प्रश्न एका ध्वनिमुद्रिकेच्या आधारे विचारले आहेत. ही ध्वनिमुद्रिका म्हणजे अमेरिकन व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टन यांच्या चौकडीची ‘डस्टर’ होय. १८ ते २० एप्रिल १९६७ या तीन दिवसांत न्यूयॉर्क येथे ती ध्वनिमुद्रित झाली. जॅझ आणि रॉक यांच्या मिलाफातून निर्माण झालेल्या संगीताच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांमध्ये तिची गणना होते.

या श्रवणाला एक स्थळही आहे. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावात जॅझचा कार्यक्रम होत नाही आणि अशी तबकडी विकणारे दुकानही तेथे कधी नव्हते. आज भ्रमणध्वनीमुळे ही ध्वनिमुद्रिका तेथे पोहोचू शकते. तथापि ‘पोहोचणे’ आणि ‘ऐकू येणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. असे संगीत समजण्यासाठी ग्रामीण श्रोत्याला प्रथम जॅझचा इतिहास शिकवावा लागेल, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

वाद्याचे स्वरूप आणि त्याची मूलभूत अडचण

व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य आहे. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमाने मांडलेल्या, सामान्यतः सदतीस धातुपट्ट्या आणि त्यांचा पल्ला तीन सप्तकांचा. प्रत्येक पट्टीखाली नाद वाढविणारी नळी असते. नळ्यांच्या तोंडाशी विजेवर फिरणाऱ्या चकत्या असून त्या फिरू लागल्या की स्वर थरथरतो. या थरथरीवरूनच वाद्याला नाव मिळाले. पायाखालची पट्टी दाबली की स्वर दीर्घकाळ घुमत राहतो आणि सोडली की तो थांबतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आलेले हे वाद्य लायोनेल हॅम्पटन आणि पुढे मिल्ट जॅक्सन यांनी जॅझमध्ये प्रतिष्ठित केले.

रागसंगीतावर वाढलेल्या श्रोत्याच्या दृष्टीने या वाद्याची अडचण पहिल्या काही क्षणांतच लक्षात येते. त्यात मींड नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, मधल्या श्रुतींना स्पर्श करणे, स्वर लावून मग तो हळूहळू फुलविणे यांपैकी काहीही ते करू शकत नाही. आघात झाला की स्वर पूर्ण तेजाने जन्मतो आणि त्या क्षणापासून क्षीण होत जातो. गायकाचा स्वर रेषेसारखा असतो, तर व्हायब्राफोनचा स्वर बिंदूसारखा. एका पट्टीवर कडक गोटीची काठी दाबून सरकवीत तोच स्वर किंचित उतरविण्याची युक्ती बर्टन यांनी पुढे आणली. परंतु तिचा पल्ला अगदी थोडा आहे आणि तिला मींड म्हणणे हे औदार्य ठरेल.

येथे प्रश्न निर्माण होतो तो असा की, ज्या वाद्याला रेषा काढता येत नाही ते वाद्य संपूर्ण ध्वनिमुद्रिकेचे नेतृत्व कसे करू शकते? ‘डस्टर’चे मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे. हा प्रश्न मराठी श्रोत्याला मुळीच नवा नाही, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे.

मराठी कानाची पूर्वतयारी

मींड नसलेल्या वाद्याचा वाद मराठी संगीतसृष्टीने हार्मोनियमच्या निमित्ताने पूर्वीच अनुभवला आहे. पेटीत मींड नाही आणि तिचे बांधलेले स्वर रागातील श्रुतींशी जुळत नाहीत, हे तिच्यावरील दोन मुख्य आक्षेप होते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशकांनंतर शिथिल झाली. या काळातही महाराष्ट्रात पेटी थांबली नाही. संगीत नाटकाने तिला आणि ऑर्गनला आधीच आपलेसे केले होते. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर अशा वादकांनी पेटीला साथीच्या पलीकडचे स्थान मिळवून दिले. आक्षेप खोटे ठरले म्हणून हे घडले असे नाही. पेटीत मींड आजही नाही. मात्र ती नसल्याचे भान ठेवून वाजविणाऱ्याने स्वरांची निवड, लयीची पेरणी, भात्याचा दाब आणि विराम यांतून दुसरा मार्ग काढला.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टीत हा अनुभव अधिक जिवंत आहे. वडसा हे केंद्र असलेली झाडीपट्टी रंगभूमी धानाच्या कापणीनंतरच्या हंगामात रात्र-रात्रभर नाटके करते. तेथे नटाचा गळा रेषा काढतो आणि ऑर्गन तिच्याखाली ठाम स्वर ठेवीत जातो. दंडार आणि खडी गंमत यांतील सवाल-जवाबाने येथील श्रोत्याला एक वाद्य बोलत असताना दुसऱ्याने थांबायचे असते हे शिकविले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी आघात आणि शब्द यांच्यातील नाते त्याच्या अंगवळणी पाडले आहे.

व्हायब्राफोनचा नादही या कानाला अनोळखी नाही. तो मुंबईच्या चित्रपटसंगीतातून रेडिओवाटे गावोगावी पोहोचला. मुंबईतील लॉर्ड कुटुंबाचा येथे उल्लेख आवश्यक आहे. कावस लॉर्ड हे जॅझच्या परंपरेतून आलेले तालवादक. त्यांचे पुत्र केरसी लॉर्ड (१९३५–२०१६) यांनी ‘हम दोनो’ (१९६१) मधील ‘मैं ज़िंदगी का साथ निभाता चला गया’ या गीतात वाजविलेले ग्लॉकेनस्पील आजही अनेकांच्या स्मरणात आहे. तेही धातुपट्ट्यांचेच, व्हायब्राफोनच्या कुळातील वाद्य होय. केरसी यांचे बंधू बुर्जोर लॉर्ड व्हायब्राफोन आणि ड्रम्स वाजवीत. १९९१ साली निश्चित झालेल्या ‘जनरल मिडी’ या विद्युत-वाद्यांच्या प्रमाणसूचीत बाराव्या क्रमांकावर व्हायब्राफोन आहे. त्यामुळे लग्नसमारंभातील वाद्यवृंदाच्या कीबोर्डमध्येही तो नाद असतो, वाजविणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक असो वा नसो.

सारांश, नाद परिचयाचा आहे, परंतु तो परिचय सजावटीच्या रूपात आहे. दोन ओळींमधली मोकळी जागा भरावी, स्वप्नदृश्य आले की चार स्वर शिंपडावेत, एवढेच काम या नादाकडे होते. ‘डस्टर’मध्ये तोच नाद प्रमुख होतो. नवेपणा नादाचा नसून त्याच्या स्थानाचा आहे.

‘डस्टर’चे श्रवण

या ध्वनिमुद्रिकेत चार वादक आहेत. व्हायब्राफोनवर गॅरी बर्टन, गिटारवर लॅरी कोरिएल, उभ्या बासवर स्टीव्ह स्वॅलो आणि ड्रम्सवर रॉय हेन्स. ध्वनिमुद्रणाच्या वेळी बर्टन व कोरिएल दोघेही चोवीस वर्षांचे, तर स्वॅलो सव्वीस वर्षांचे होते. हेन्स बेचाळीस वर्षांचे असून चार्ली पार्कर यांच्यासमवेत वाजविण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. हे वयाचे अंतर ऐकताना जाणवते. तरुण वादक जेथे रॉकच्या सरळ, समान वजनाच्या लयीकडे झुकतात तेथे हेन्स त्या लयीला सपाट होऊ देत नाहीत. झांजेवर आणि लहान ढोलावर ते मधूनच असा आघात ठेवतात की लय पुढे ढकलल्यासारखी भासते. तबलजीने ठेका सोडला नाही, पण ठेक्यातच बोलू लागला, तर जे घडते त्याच्याशी याचे साम्य आहे.

एकूण आठ रचनांपैकी तीन माइक गिब्स यांच्या, तीन स्वॅलो यांच्या, एक कार्ला ब्ले यांची आणि एक बर्टन-कोरिएल यांची संयुक्त आहे. म्हणजेच स्वतःच्या नावाने निघालेल्या ध्वनिमुद्रिकेत नेत्याने जवळजवळ सर्व रचना इतरांच्या घेतल्या आहेत. ख्यालगायनाच्या श्रोत्याला यात काही वावगे वाटणार नाही. बंदिश पूर्वसूरींची असते आणि गायकाची ओळख तिच्या मांडणीतून होते. बर्टन यांची ओळखही मांडणीतूनच होते.

त्यांच्या मांडणीचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे फिरत्या चकत्या बंद ठेवण्याची त्यांची सवय. त्यामुळे पूर्वीच्या वादकांची ओळख बनलेली थरथर येथे नाही. स्वर कोरडा आणि स्पष्ट येतो. दुसरे वैशिष्ट्य असे की, ते दोन्ही हातांत मिळून चार काठ्या धरतात. यामुळे एकाच वेळी अनेक स्वर वाजविता येतात आणि जॅझमध्ये एरवी पियानो जे काम करतो ते व्हायब्राफोनच करतो. या चौकडीत पियानो नाही, त्याचे हे एक कारण. तिसरे आणि सर्वांत सूक्ष्म वैशिष्ट्य म्हणजे स्वर थांबविण्याची कला. पायपट्टी दाबलेली असताना सर्वच स्वर घुमत राहतात. त्यांतील नेमका एक स्वर काठीच्या स्पर्शाने शमवायचा आणि बाकीचे तसेच राहू द्यायचे. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडारा जिल्ह्यात हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. भांड्याला टिचकी मारली की ते घुमते आणि कडेला बोट लावले की गप्प होते. बर्टन एकाच वेळी अनेक भांडी वाजवितात आणि कोणते केव्हा गप्प करायचे हेही ठरवितात.

‘स्वीट रेन’ या गिब्स यांच्या विलंबित रचनेत हे कौशल्य उत्कटपणे प्रत्ययास येते. स्वर एकमेकांवर साचत जातात. पण गढूळपणा येण्याच्या आत त्यांतील काही नाहीसे होतात. मींडेने जोडलेल्या दोन स्वरांत कानाला वाट दाखविली जाते. येथे ती वाट दाखविली जात नाही. पहिल्या स्वराचा घुमारा दुसऱ्याच्या जन्मापर्यंत टिकतो आणि त्या दोहोंमधले अंतर श्रोत्याला स्वतः ओलांडावे लागते. बिंदू वादक देतो. रेषा श्रोता काढतो. जलद गतीच्या ‘पोर्ट्समथ फिगरेशन्स’मध्ये बिंदू इतके जवळ येतात की त्यांचीच रेषा झाल्याचा भास होतो. तानेतील दाणेदारपणा ज्याला आवडतो त्याचा कान येथे सहज रमतो.

तथापि ध्वनिमुद्रिकेचा खरा आधार व्हायब्राफोन आणि गिटार यांच्यातील कामाच्या वाटणीत आहे. कोरिएल यांची गिटार ब्लूज आणि रॉकच्या वळणाची आहे. ते तार ओढून स्वर वाकवितात आणि कर्कशपणालाही अवसर देतात. व्हायब्राफोनला जे अशक्य आहे नेमके तेच गिटार करते. म्हणून ‘बॅले’ या पहिल्या रचनेपासूनच दोन्ही वाद्ये आलटून-पालटून पुढे येतात तेव्हा श्रोत्याला दोन स्वभाव ऐकू येतात. एक मोजून बोलणारा, दुसरा शब्द ओढून बोलणारा. सवाल-जवाबात दोघे एकच भाषा बोलू लागले तर रंगत जाते. येथे ती टिकते, कारण कोणीही दुसऱ्यासारखे होण्याचा प्रयत्न करीत नाही. कोरिएल यांनी पुढे एल. सुब्रह्मण्यम्, रोणू मजुमदार यांच्यासारख्या भारतीय वादकांबरोबर वाजविले. त्यांच्या स्वर वाकविण्याच्या ओढीचे ते स्वाभाविक पुढचे पाऊल म्हणता येईल.

त्याच वर्षाची दुसरी ध्वनिमुद्रिका

या ठिकाणी एक तुलना उपयुक्त ठरते. १९६७ याच वर्षी एच.एम.व्ही.ने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका प्रकाशित केली. संतूरवर पं. शिवकुमार शर्मा, बासरीवर पं. हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर पं. ब्रिजभूषण काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिचे निर्माते जी. एन. जोशी होते. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे ‘रानारानांत गेली बाई शीळ’ हे गीत गाऊन मराठी भावगीताला वळण देणारे तेच हे जोशी.

संतूरची कथा व्हायब्राफोनच्या कथेशी आश्चर्यकारकरीत्या मिळतीजुळती आहे. तेही काठ्यांनी वाजविले जाणारे, मींड नसलेले वाद्य. काश्मीरच्या सूफियाना मौसिकीत ते साथीला असे. १९५५ साली शिवकुमार शर्मा यांनी मुंबईत ते रागसंगीताच्या मंचावर आणले, तेव्हा त्यावरही मींड नसल्याचा आक्षेप आला. त्याच वर्षीच्या व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ या चित्रपटात पार्श्वसंगीतासाठी संतूरचा उपयोग झाला. पुढे शर्मा यांनी काठी तारांवर हलकेच सरकवून स्वर सलग ठेवण्याचे तंत्र विकसित केले.

‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये काश्मिरातील एका मेंढपाळाच्या दिवसाची कल्पना पहाटेच्या अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत रागांच्या क्रमाने मांडली आहे. येथेही कामाची वाटणी तीच आहे. संतूर बिंदू देतो. बासरी आणि मांडीवर ठेवून सळीने वाजविलेली काबरा यांची गिटार रेषा काढतात. दोन भिन्न खंडांत, परस्परांशी संबंध नसताना, आघाताच्या वाद्याला पुढे आणणाऱ्या दोन वादक-समूहांनी एकच तोडगा शोधला आणि दोघांनीही त्यासाठी गिटारची मदत घेतली, हा योगायोग लक्षणीय आहे. त्यामागे वाद्याच्या प्रकृतीचा तर्क आहे. ज्याला मींड नाही त्याने मींड असणाऱ्याची सोबत घ्यावी, हे गायक आणि पेटी यांच्या नात्यातही दिसतेच.

अर्थात दोन्हींतील भेद दुर्लक्षिता येत नाही. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आरंभापासून अखेरपर्यंत रागाच्या चौकटीत आहे. तिला जॅझच्या अर्थाने फ्यूजन म्हणता येणार नाही. तेथे आधार षड्जाचा आहे, तर ‘डस्टर’मध्ये आधारच बदलत राहतो. एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट एकामागून एक येतात आणि पायाखालची जमीन सरकवतात. रागाच्या श्रोत्याला सर्वाधिक परके वाटते ते हेच.

मर्यादा

‘डस्टर’च्या उणिवाही नोंदविणे आवश्यक आहे. पहिली उणीव विस्ताराची. रचना लहान आहेत. एखादी रचना मनात स्थिरावू लागते तोच ती संपते. एका तबकडीवर आठ रचना बसविण्याचे बंधन यामागे असले, तरी आलापाची सवय असलेल्या श्रोत्याला अतृप्ती जाणवते. दुसरी उणीव ‘वन, टू, १-२-३-४’ या रचनेत प्रकट होते. येथे पूर्वनियोजित आकृतिबंध सैल सोडून चौघांनी मुक्त वादनाकडे झेप घेतली आहे. गिटार गोंगाटाच्या सीमेपर्यंत जाते. व्हायब्राफोनला मात्र कर्कश होताच येत नाही. त्याचा निर्मळ नाद त्या गदारोळात पाहुण्यासारखा उभा राहतो. इतरत्र जी भिन्नता संवादाला कारण झाली तीच येथे दुराव्याला कारण होते. या रचनेचे धाडस मान्य करूनही ती ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत कमी जुळलेली रचना आहे, असे म्हणावे लागते.

तिसरी मर्यादा श्रोत्याच्या बाजूची आहे. स्वरसमूहांच्या बदलत्या आधाराचा पूर्ण आस्वाद केवळ पेटी, संतूर आणि सवाल-जवाब यांच्या अनुभवावर घेता येत नाही. त्यासाठी पुनःपुन्हा ऐकण्याचा अभ्यास हवा. बासवरील स्वॅलो यांच्या स्वरांचा मागोवा घेत ऐकल्यास जमीन कोणत्या दिशेने सरकते ते कळू लागते. स्थानिक अनुभव म्हणजे दाराची किल्ली आहे. घर आतून पाहण्याचे श्रम त्याने वाचत नाहीत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. एक, मींड नसणे ही व्हायब्राफोनची खरी मर्यादा आहे. ‘डस्टर’ ती झाकत नाही, घुमारा, विराम आणि सोबतीच्या गिटारची वाकणारी तार यांच्या साहाय्याने तिच्याभोवती संगीत रचते. दोन, फ्यूजनचे मूल्यमापन मिसळलेल्या शैलींची संख्या मोजून करता येत नाही. प्रत्येक वाद्य स्वतःच्या प्रकृतीशी प्रामाणिक राहून दुसऱ्याचे ऐकते काय, हा निकष अधिक उपयोगी आहे. या निकषावर ‘स्वीट रेन’ आणि ‘बॅले’ उतरतात, ‘वन, टू, १-२-३-४’ उतरत नाही. तीन, पेटीच्या वादातून गेलेला, झाडीपट्टीच्या नाटकांत गळा व ऑर्गन यांची संगत ऐकलेला श्रोता या संगीतासमोर रिकाम्या हाताने येत नाही.

‘मडके घ्यावे वाजवून’ ही आपल्याकडची जुनी रीत. मडके कोणत्या गावच्या कुंभाराने घडविले, हे ती आधी विचारत नाही. करडीतील श्रोत्याने ‘डस्टर’ वाजवून घ्यावी आणि ती कोठे खणखणीत आहे व कोठे बद्द वाजते हे स्वतःच्या कानाने ठरवावे. तेवढा अधिकार त्याच्या कानाने केव्हाच मिळविलेला आहे.